कान वाहतो, मशीन टिकत नाही: हाडातून ऐकवणारं इम्प्लांट घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे. दोन्ही कान लहानपणीच फुटलेले, दोन्हीकडे मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली, तरी उजवा कान पावसाळ्यात हमखास वाहतो. कानामागे लावायचं मशीन दोनदा घेतलं, दोन्ही कपाटात पडून आहेत. आता हाडात बसवायचं इम्प्लांट सुचवलं आहे आणि खर्च लाखांत सांगितला आहे. शिवाय घरातल्या दीड वर्षाच्या पुतणीचा उजवा कान जन्मापासून बंद आहे, बाहेरची पाळीही अर्धवट आहे. तिलाही हेच करायचं का?

वडिलांसाठी उत्तर बहुधा ‘हो’ असं आहे, पण ऑडिओग्रामवरची, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावरची हाडाची रेष नीट तपासल्याशिवाय आणि डोक्याच्या पट्ट्यावर लावायच्या हाडाच्या मशीनवर निदान आठवडाभर ऐकून पाहिल्याशिवाय नाही. पुतणीसाठी ऑपरेशन आत्ता नको. तिच्यासाठी आधी दुसऱ्या, चांगल्या दिसणाऱ्या कानाची खात्री करायची आहे.

आवाज आतल्या कानापर्यंत दोन वाटांनी जातो. नेहमीची वाट कानाच्या नळीतून, पडद्यावरून आणि तीन चिमुकल्या हाडांवरून. दुसरी वाट कवटीची: हाड थरथरलं की आतल्या कानातलं, म्हणजे कॉक्लियातलं द्रव थेट हलतं. नळी बंद असली, पडदा नसला, हाडांची साखळी कुजून गेली असली तरी कॉक्लिया शाबूत असेल तर ही दुसरी वाट मोकळीच असते. इम्प्लांट एवढंच करतं, की बाहेर लावलेल्या प्रोसेसरने पकडलेला आवाज कंपनाच्या रूपात हाडाला देतं. ते आजारी कॉक्लियाला बरं करत नाही. कॉक्लियर इम्प्लांट हे वेगळं प्रकरण. त्यात कॉक्लियात तार घालून नसेला विजेचे संकेत देतात. दोन्ही नावांत ‘इम्प्लांट’ असल्यामुळे घरोघरी गोंधळ होतो, म्हणून हे आधीच सांगितलं.

आता वडिलांचा ऑडिओग्राम समोर घ्या. आडव्या अक्षावर २५० ते ८००० हर्ट्झ, उभ्या अक्षावर वरून खाली डेसिबल. रेष जितकी खाली तितकं ऐकू कमी. हवेची रेष म्हणजे नेहमीच्या वाटेने मोजलेलं ऐकणं, हाडाची म्हणजे कवटीच्या वाटेने. उजव्या कानाची हवेची रेष लाल गोलांची, डाव्याची निळ्या फुल्यांची. हाडाची खूण कोनासारखी (< किंवा >) असते, आणि मास्किंग करून घेतली असेल तर चौकोनी कंसासारखी. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे घ्या, बेरीज करा, चारने भागा. समजा हवेचे आकडे ६५, ६०, ६०, ७५ आहेत, तर सरासरी ६५. हाडाचे २०, २५, ४०, ३५ असतील तर सरासरी ३०. मधला फरक ३५ डेसिबल. हा ३५ म्हणजे नळी, पडदा आणि हाडांच्या साखळीमुळे अडलेला आवाज, आणि ३० म्हणजे कॉक्लियाची स्वतःची कमतरता. हाडातून ऐकवणारं यंत्र पहिला अडथळा जवळजवळ पूर्ण टाळतं. उरलेल्या ३०साठी त्याला आवाज वाढवावाच लागतो.

म्हणून निर्णय हाडाच्या रेषेवर होतो. ‘ऐकू किती कमी आहे’ यावर नाही. हाडाची सरासरी ४५ डेसिबलपर्यंत असेल तर बहुतेक सगळी यंत्रं पुरतात. ४५ ते ५५ मध्ये जास्त ताकदीचा प्रोसेसर किंवा त्या क्षमतेचं इम्प्लांट लागतं. ५५ ते ६५ साठी फक्त त्वचेबाहेर दांडी येणाऱ्या प्रकारातलं सगळ्यात दणकट मॉडेल उरतं आणि तेही काठावर चालतं. त्यापुढे या वाटेने जाऊ नये. हवा आणि हाड यांत ३० डेसिबलहून जास्त अंतर असेल तर साध्या मशीनपेक्षा हाडाचं यंत्र सरस ठरण्याची शक्यता चांगली असते. अंतर १५-२० असेल आणि कान कोरडा असेल तर चांगला मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, आणि चांगलं साधं मशीन पुरे.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. दीर्घकाळ वाहणाऱ्या कानात हाडाची रेषही वर्षागणिक खाली सरकत असते, आणि वयाचा भाग त्यात वेगळाच. ५८व्या वर्षी हाडाची सरासरी ४२ असेल आणि ४५पर्यंतचंच इम्प्लांट बसवलं, तर सत्तरीत ते अपुरं पडेल. जुने ऑडिओग्राम शोधा. पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा शेजारी ठेवले की रेष किती वेगाने उतरते आहे ते दिसतं. ती उतरती असेल तर हातात १० डेसिबलची शिल्लक राहील असं मॉडेल निवडा.

हाडाची चाचणी चुकण्याच्या जागाही ठराविक आहेत. कवटीला दिलेलं कंपन दोन्ही कॉक्लियांना पोहोचतं. उजव्या कानामागे ठेवलेल्या कंपकाचा आवाज डाव्या कॉक्लियाला जेमतेम ० ते १० डेसिबलने कमी ऐकू येतो. म्हणून एका कानाचं हाड मोजताना दुसऱ्या कानात खरखर सोडून तो गुंतवून ठेवावा लागतो. याला मास्किंग म्हणतात. दोन्ही कानांत मोठा अडथळा असेल तर ही खरखरच इतकी मोठी ठेवावी लागते की ती हाडातून चाचणीच्या कानात उतरते आणि आकडे बिघडतात. इन्सर्ट इयरफोन वापरल्याने हा त्रास बराच कमी होतो, पण वाहत्या कानात ते घालता येत नाहीत. आधी कान साफ करून, औषधांनी कोरडा करून मगच चाचणी घ्या. दुसरी चूक खालच्या स्वरांची: २५० आणि ५०० हर्ट्झला मोठ्या आवाजात कंपन ऐकू न येता त्वचेला जाणवतं आणि माणूस ‘आला’ म्हणून हात वर करतो. त्यामुळे ज्याच्या कॉक्लियात फारसं काही उरलेलं नाही त्याच्याही कागदावर खालच्या स्वरांत खोटा फरक दिसतो. लाखांचा खर्च ठरवायचा असेल तर हाडाची चाचणी मास्किंगसह, वेगळ्या दिवशी, दुसऱ्यांदा करून घ्यावी.

साधी मशीनं कपाटात का गेली, तेही या शस्त्रक्रियांमुळेच समजतं. मास्टॉइडच्या शस्त्रक्रियेत अनेकदा नळीची मागची भिंत काढून एकच मोठी पोकळी केली जाते. त्या पोकळीत मोल्ड नीट बसत नाही, फटीतून आवाज बाहेर येतो आणि मशीन शिट्टी मारतं. शिट्टी थांबवायला मोल्ड घट्ट केला की हवा कोंडते, ओल धरते आणि कान पुन्हा वाहतो. स्राव मोल्डच्या नळीत चढला की आवाजच बंद. वडिलांनी मशीन टाकून दिलं यात त्यांचा हट्ट नाही. त्या कानाला ते मशीन मानवणारं नव्हतं. हाडाच्या यंत्रात कानाची नळी पूर्ण मोकळी राहते, आणि माझ्या मते वाहत्या कानाला मिळणारा हा फायदा आवाजाच्या फायद्याइतकाच मोठा आहे. बऱ्याच जणांचा कान मोल्ड काढून टाकल्यावर वाहायचाही कमी होतो.

तरी इम्प्लांट हा कानाच्या आजारावरचा उपाय नाही. पोकळीत कोलेस्टिअटोमा, म्हणजे हाड पोखरणारी त्वचेची गाठ, उरली असेल तर ती आधी काढायची. घाण वास येणारा स्राव, चक्कर, चेहरा एका बाजूला वाकणं, कानात किंवा कानामागे दुखणं यांतलं काही असेल तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवून आधी कान दाखवा. पडदा किंवा हाडांची साखळी दुरुस्त करून ऐकू येण्याची शक्यता उरली आहे का, हेही सर्जनला स्पष्ट विचारा. एकदा दोनदा फसलेल्या पोकळीत ती कमी असते, पण विचारायला हवं.

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिला सगळ्यात जुना. स्वीडिश संशोधक पर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम आणि हाड एकजीव होतात हे दाखवलं, आणि त्या आधारावर स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७७ मध्ये अँडर्स टेलस्ट्रोम यांनी पहिल्या रुग्णांच्या कानामागे स्क्रू बसवले. तोच आजच्या बाहा आणि पोंटो या यंत्रांचा मार्ग: हाडात ३ किंवा ४ मिलिमीटरचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर त्वचेतून बाहेर येणारी छोटी दांडी, आणि दांडीवर टिचकन बसणारा प्रोसेसर. कंपन थेट हाडाला मिळतं, मध्ये काही नाही. दुसऱ्या प्रकारात त्वचेखाली चुंबक आणि बाहेर चुंबकावर चिकटलेला कंपक असतो. त्वचा बंद राहते, पण कंपन त्वचा आणि चरबीतून जातं, त्यामुळे वरच्या स्वरांत १० ते १५ डेसिबल हरवतात. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं ज्यांना आधीच कमी कळतात त्यांना हे हरवणं परवडत नाही. चुंबकाची पकड वाढवली तर त्वचा लाल होऊन दुखते. हाडाची रेष जवळजवळ नॉर्मल असेल तरच याचा विचार करा. तिसरा प्रकार बोनब्रिज आणि ओसिया या यंत्रांचा. यात कंपकच हाडावर बसवून त्वचेखाली ठेवतात. बाहेर बटणासारखा प्रोसेसर चुंबकाने टिकतो आणि त्वचेतून फक्त रेडिओलहरींनी संकेत पाठवतो. कंपन थेट हाडाला, त्वचाही बंद. बोनब्रिजची मर्यादा हाडाच्या ४५ डेसिबलपर्यंत, ओसियाची ५५पर्यंत.

तिसरा प्रकार दिसायला नीटनेटका आणि रोजच्या निगेत सोपा, म्हणून हल्ली तोच आधी सुचवला जातो. वडिलांच्या बाबतीत मात्र दोनदा विचार करावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण एमआरआय. मास्टॉइडच्या पोकळीत किंवा मधल्या कानात कोलेस्टिअटोमा परत आला का हे शोधायला आज एमआरआयचा एक खास प्रकार वापरतात. त्वचेखालच्या इम्प्लांटमधलं चुंबक त्या फोटोत काही सेंटिमीटरची काळी सावली टाकतं, आणि ती सावली नेमकी त्याच कानावर पडते. वडिलांची पोकळी उघडी असेल, डॉक्टरांना दुर्बिणीतून पूर्ण दिसत असेल, तर एमआरआयवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. भिंत राखून शस्त्रक्रिया केलेली असेल तर ही सावली खरी अडचण आहे. दांडीच्या प्रकारात प्रोसेसर काढून ठेवला की हाडात फक्त टायटॅनियम उरतं आणि एमआरआयला जवळजवळ आडकाठी राहत नाही. पाठीचं, गुडघ्याचं, मेंदूचं दुखणं पुढच्या वीस वर्षांत कुणालाही येऊ शकतं, तेव्हा ‘किती टेस्लापर्यंत, चुंबक न काढता चालेल का’ हे मॉडेलचं नाव घेऊन लेखी विचारा (टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचं माप). बोनब्रिजला ही मर्यादा १.५ टेस्ला आहे.

पोकळी केलेल्या कानात जागेचाही प्रश्न येतो. बोनब्रिजच्या पहिल्या आवृत्तीचा कंपक ८.७ मिलिमीटर खोल होता, आताच्या आवृत्तीचा ४.५ आहे. तरीही मास्टॉइडचं हाड आधीच कोरून काढलेलं असेल किंवा मेंदूकडून येणारी मोठी शीर पुढे सरकलेली असेल तर कंपक मागे किंवा वर सरकवावा लागतो. हे ऑपरेशनच्या टेबलावर ठरवायचं काम नाही. आधी सीटी स्कॅनवर हाडाची जाडी मोजून जागा आखली पाहिजे. त्वचेची जाडीही मोजतात. ती फार असेल तर संकेत कमजोर होतो, चुंबक टिकत नाही आणि त्वचा पातळ करावी लागते.

ऑपरेशनआधीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे पट्ट्यावरची चाचणी. प्रोसेसर डोक्याच्या पट्ट्यावर किंवा स्टीलच्या कमानीवर बसवून कानामागच्या हाडावर टेकवतात. दवाखान्यातल्या खोलीत दहा मिनिटं ऐकून ‘छान येतंय’ म्हणणं पुरेसं नाही. यंत्र सात ते चौदा दिवस घरी न्यायला मागा. टीव्हीचा आवाज नेहमी किती आकड्यावर असतो तो लिहून ठेवा आणि चाचणीत किती लागतो तोही. स्वयंपाकघरात कुकर चालू असताना मागून हाक मारा. लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडवर, पंखा पूर्ण वेगात असताना ऐकून बघा. पट्ट्यावर आवाज त्वचेतून जातो, म्हणून वरचे स्वर प्रत्यक्ष इम्प्लांटपेक्षा कमीच येतील. पट्ट्यावर फायदा दिसला तर ऑपरेशननंतर तो वाढेल. पट्ट्यावर काहीच फायदा दिसला नाही तर ऑपरेशनची घाई नको, हाडाची रेष पुन्हा तपासा. ऑडिओलॉजिस्टने यंत्र लावून स्पीकरसमोर चाचणी घ्यावी आणि शब्द मराठीतले असावेत. इंग्रजी शब्दयादीवर ५८ वर्षांच्या शेतकऱ्याचे किंवा कामगाराचे गुण मोजणं अन्यायाचं आहे.

या टप्प्यावर कुणीतरी ऑनलाइन मिळणारा बोन कंडक्शन हेडफोन सुचवतंच. तो गाणी आणि फोनसाठी आहे. हाडाची रेष चांगली असेल तर टीव्हीला जोडून त्याचा उपयोग होतो आणि तसा करायला काही हरकत नाही. पण समोरच्या माणसाचं बोलणं प्रत्येकाच्या ऑडिओग्रामप्रमाणे स्वरागणिक वाढवून देणं त्याला जमत नाही.

कोणत्या बाजूला बसवायचं? दोन्ही कॉक्लिया एकाच यंत्राने जागे होतात, म्हणून ज्या बाजूची हाडाची रेष चांगली ती बाजू निवडतात. दोन्ही सारख्या असतील तर कोरडा कान, फोन धरायचा हात आणि रोजची बसायची जागा बघा. आपल्याकडे गाडी चालवणारा उजवीकडे बसतो, बोलणारी माणसं त्याच्या डावीकडे. रोज गाडी चालवणाऱ्यासाठी डावी बाजू सोयीची. दोन्हीकडे यंत्र बसवल्यास आवाजाची दिशा आणि गोंगाटातलं बोलणं सुधारतं. पण पैसा मर्यादित असेल तर आधी एकच चांगलं बसवा आणि प्रोसेसर पुढे बदलता येईल एवढी तजवीज राखा.

दांडीच्या प्रकारातलं ऑपरेशन मोठ्या माणसात फक्त तेवढी जागा बधिर करून अर्ध्या-पाऊण तासात होतं. जागा कानाच्या नळीपासून साधारण ५० ते ५५ मिलिमीटर मागे-वर. याहून पुढे घेतली तर प्रोसेसर कानाच्या पाळीला आणि चष्म्याच्या काडीला घासून शिट्टी मारत राहतो. नव्या पद्धतीत ५ मिलिमीटरचं गोल छिद्र पाडून त्यातूनच काम करतात, टाके जवळजवळ नसतात. छिद्र पाडताना ड्रिल २००० फेऱ्यांच्या आसपास आणि सतत सलाइनचं पाणी. कारण हाडाचं तापमान ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात स्क्रू धरत नाही. तो लगेच निखळत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सैल होतो आणि कुणाला कारण कळत नाही. स्क्रू मोठ्या माणसाच्या घट्ट हाडात ४० ते ५० न्यूटन-सेंटिमीटर ताकदीने बसवतात, मुलांच्या मऊ हाडात त्याहून बऱ्याच कमी. मग हाड धरायला वेळ द्यायचा: मोठ्यांना साधारण ३ ते ६ आठवडे, मुलांना ३ ते ६ महिने. त्याआधी प्रोसेसर लावायची घाई करू नका. त्वचेखालच्या प्रकाराला बहुधा पूर्ण भूल लागते आणि जखम भरल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी यंत्र चालू करतात.

वडिलांना मधुमेह असेल तर साखर महिना-दोन महिने आधीपासून आटोक्यात हवी. तंबाखू आणि विडी बंद. डोक्याला कधी रेडिएशन दिलेलं असेल तर सर्जनला आवर्जून सांगा, तिथलं हाड स्क्रू नीट धरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका.

पुढचा भाग रोजच्या निगेचा, आणि बिघाड बहुतेक इथेच होतो. दांडीच्या मुळाशी मेलेल्या त्वचेचा पांढरट खपला साचतो. तो रोज आंघोळीच्या वेळी मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने गोल फिरवून काढायचा. नखाने किंवा टाचणीने नाही. खोबरेल तेल आणि केसांचा रंग त्या भागाला लावायचा नाही. तेलात धूळ बसते, खपला चिकट होतो आणि खाली ओल राहते. ही बारीक वाटणारी सवय बदलायला आपल्याकडे सगळ्यात जड जाते, म्हणून घरातल्यांनीच लक्ष ठेवावं. त्वचेची स्थिती डॉक्टर ० ते ४ अशा श्रेणीत मोजतात. किंचित लाली म्हणजे १, तिथे निगा वाढवली की भागतं. लाल आणि ओलसर म्हणजे २, मलम आणि तपासणी हवी. मांस वाढलं की ३, तिथे उपचार करावे लागतात. ४ म्हणजे संसर्ग इतका की दांडी किंवा स्क्रू काढावा लागतो. त्वचा वाढून दांडीवर चढू लागली तर अधिक लांबीची दांडी बसवतात. दांडी हलते असं वाटलं तर घरी पिळू नका. बहुतेक वेळा फक्त दांडीचा जोड सैल झालेला असतो आणि दवाखान्यात ठराविक ताकदीच्या पान्याने तो पाच मिनिटांत घट्ट होतो. स्क्रूच सैल असेल तर दाबल्यावर दुखतं आणि आवाज फाटका येतो. तेव्हा यंत्र लावणं थांबवून लगेच दाखवा.

त्वचेखालच्या प्रकारात निगा चुंबकाची. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-चार तासांपासून सुरुवात. यंत्र काढल्यावर त्वचेवरचा लाल गोल अर्ध्या तासात गेला तर ठीक. तो तासन्तास राहिला, दुखू लागला किंवा मधोमध पांढरट पडला तर चुंबक जास्त जोरकस आहे, एक पायरी हलकं घ्या. प्रोसेसर पडू नये म्हणून जोरकस चुंबक मागण्यापेक्षा केसांना अडकवायची दोरी आणि क्लिप वापरा. भौतिकोपचारात डोक्याजवळ डायथर्मीचा शेक घ्यायचा नाही, आणि कोणत्याही ऑपरेशनआधी सर्जनला इम्प्लांटचं कार्ड दाखवायचं, कारण डोक्या-मानेच्या भागात ठराविक प्रकारची विजेची डागणी चालत नाही.

हेल्मेट घालायच्या आधी प्रोसेसर काढून डबीत, खिशात सुटा नाही. हेल्मेट दांडीवर दाबत असेल तर आतली गादी त्या जागी कोरून घ्या. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर प्रोसेसर रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि सेलचं झाकण उघडं ठेवा. झिंक-एअर सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल घाला. हवा आत गेल्याशिवाय तो पूर्ण दाब देत नाही. स्टिकर काढलेला सेल मशीनबाहेर ठेवला तरी संपतच राहतो, म्हणून एका वेळी एकच उघडा.

आता पुतणी. एक कान जन्मतः बंद असेल तर दुसरा कान ठीक आहे हे गृहीत धरू नका. त्याची ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (ऐकण्याच्या नसेचा प्रतिसाद मोजणारी) चाचणी लगेच करून घ्या, झालेली असेल तर कागद पुन्हा बघा. बंद कानाची बेरा हाडाच्या कंपकाने करून घेतली तर आतला कॉक्लिया शाबूत आहे का ते कळतं. बहुतेकदा असतो, कारण बाहेरचा कान आणि आतला कान गर्भात वेगवेगळ्या भागांतून घडतात. हे करायला वेळ घालवू नका. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या बाळाचा जो हिशेब जगभर पाळतात तो एक महिन्यात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय असा आहे, आणि पुतणी दीड वर्षाची झाली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या चाचण्या होतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवलं जातं.

दुसरा कान पूर्ण चांगला असेल तर भाषा बहुतेक वेळेवर येते, पण गोंगाटात आणि वर्गात त्रास होतो. तेव्हा मऊ पट्ट्यावर प्रोसेसर लावून बघणं योग्य. दोन्ही कान बंद असते तर तोच पट्टा पहिल्या काही महिन्यांत लावणं अत्यावश्यक ठरलं असतं. पट्टा कपाळावर सरकू न देता चकती कानामागच्या हाडावर ठेवायची. घट्टपणा एवढाच की खाली एक बोट जेमतेम जाईल. सैल झाला की शिट्टी, घट्ट झाला की व्रण. चकतीची जागा रोज थोडी बदलायची. चिकटपट्टीवर बसणारा प्रकारही आहे, पण आपल्या दमट हवेत घामाने पट्टी ठरल्यापेक्षा लवकर सुटते, त्या हिशेबाने पट्ट्यांचा खर्च धरा.

हाडातल्या स्क्रूसाठी किमान ५ वर्षं वय धरतात, आणि त्यातही कवटीची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. पातळ हाडात घाईने बसवलेला स्क्रू पडण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, आणि पळापळीत मार लागतो तो वेगळा. सीटी स्कॅनही आत्ता नको. कानातून स्राव किंवा मागे सूज नसेल तर तो शाळेच्या वयापर्यंत थांबवता येतो. नळी पूर्ण बंद नसून अगदी अरुंद असेल तर मात्र आत कोलेस्टिअटोमा साचू शकतो, तिथे कानतज्ज्ञांची नियमित तपासणी चुकवू नका.

आणि एक काळजी अगदी आजपासून घ्या. पाळी पुढे बरगडीच्या कूर्चेपासून बनवायची असेल तर ते काम साधारण ८ ते १० वर्षांच्या सुमारास होतं, आणि त्याला कानामागची न कापलेली त्वचा आणि तिथली रक्तवाहिनी लागते. इम्प्लांटचा सर्जन आणि पाळी बनवणारा प्लास्टिक सर्जन यांनी एकत्र बसून जागा आखल्याशिवाय त्या भागात एकही चीर पडू देऊ नका, साधी ‘छोटी गाठ काढतो’ म्हणूनही नाही. नवी नळी कोरायची शस्त्रक्रिया प्रत्येक बंद कानाला जमत नाही. सीटीवरून दहापैकी गुण देतात, आणि ते कमी असतील तर आग्रह धरू नये.

राहिला पैशाचा भाग. दरपत्रक एकरकमी घेऊ नका. इम्प्लांट, प्रोसेसर, दवाखान्याचा खर्च आणि पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. हाडातला भाग अनेक वर्षं टिकतो, पण बाहेरचा प्रोसेसर साधारण पाच-सात वर्षांनी बदलायला येतो आणि त्याची किंमत पहिल्या खर्चाचा मोठा वाटा असते. म्हणून आज फक्त ऑपरेशनपुरते पैसे जमवून चालत नाही. वॉरंटी किती वर्षांची, हरवल्यास काय, दुरुस्तीला दिल्यावर बदली यंत्र मिळतं का, प्रोग्रॅमिंग करणारा ऑडिओलॉजिस्ट तुमच्या जिल्ह्यात आहे की दर वेळी पुणे-मुंबई करावी लागेल, हे सगळं पैसे भरायच्या आधी विचारा. दोन सारख्याच यंत्रांत निवड करायची वेळ आली तर जवळ सेवा मिळणारं घ्या. हे सगळं न परवडल्यास चष्म्याच्या काडीतलं किंवा डोक्याच्या कमानीवरचं हाडाचं मशीन पुष्कळ स्वस्तात मिळतं. त्यात वरचे स्वर कमी येतात आणि दिवसभर लावलं की कानामागे दुखतं, पण नळी मोकळी राहते, आणि कपाटातल्या दोन मशीनांपेक्षा वडिलांना त्याचा उपयोग नक्की जास्त होईल.

पहिल्या भेटीला जाताना जुने सगळे ऑडिओग्राम, आधीच्या दोन्ही शस्त्रक्रियांचे कागद, सीटी असेल तर अहवालासोबत सीडीसुद्धा, आणि ती दोन्ही बंद मशीनं त्यांच्या मोल्डसह घेऊन जा. मोल्डवरचे डाग आणि नळीत सुकलेला स्राव पाहिला की कान कसा वागतो हे ऑडिओलॉजिस्टला बरंच कळतं.